परसाद तुमच्या स्वप्नातला नव्हता, बाई

बाई, तुमच्या तेरवीला सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. मंदिर समितीचे अध्यक्ष बोलले, भजनी मंडळातल्या बाया डोळे पुसत बोलल्या, तुमचा मुलगा पुण्याहून आला होता, तो दोन वाक्यं बोलून खाली बसला. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकाच अंगणात इतकी वर्षं काढलेली धाकटी जाऊ, ती तर हमसून हमसून रडत बोलेल, असं त्यांना वाटलं असणार. मी उठलेच नाही. तोंडाला पदर लावून बसून राहिले, आणि लोक धरून चालले की हिला दुःखानं बोलवत नाही. खरं म्हणजे माझ्या तोंडात जे आलं होतं ते तेरवीच्या मांडवात बोलण्यासारखं नव्हतं. आता मांडव निघाला, तुमचा मुलगा परत गेला, घर शांत झालं. आता बोलते. तुम्ही जन्मभर माझं बोलणं मधेच तोडलंत, आज काही तोडता येणार नाही.

सुरुवात रेवतीच्या मानेपासून करते, कारण आपलं खरं भांडण तिथून सुरू झालं.

माझी रेवती तेव्हा पाचवीत होती. तिच्या मानेवर मागच्या बाजूनं काळपट, जाडसर पट्टा दिसायला लागला. मला वाटलं उन्हानं झालं असेल. तुम्हाला तो मळ वाटला. वाटला तर वाटला, पण शनिवारच्या भजनाला साऱ्या बायांसमोर तुम्ही मला विचारलंत, "वंदना, पोरीची मान काऊन धूत नाही तू? मळ साचून राहिला." बाया हसल्या. रेवतीनं मान झाकायला ओढणी ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालून येते तो तुम्ही तिला न्हाणीच्या दगडावर बसवलं होतं आणि बेसन-लिंबू लावून तिची मान घासत होता. ती रडत होती. मळ निघाला नाही बाई, कातडी निघाली. पुढं कितीतरी दिवस तिला शाळेच्या शर्टाची कॉलर टोचायची.

गोंदियातल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे मी तिला नेलं ते त्या सोललेल्या मानेसाठी. त्यांनी मान पाहिली, वजन घेतलं, रक्त तपासलं आणि म्हणाल्या, हा मळ नाही ताई. त्यांनी समजावून सांगितलं की वजन वयाच्या मानानं फार झालं आहे, शरीराला साखर सांभाळणं जड जात आहे आणि ते असं मानेवर दिसतं. आत्ताच लक्ष दिलं नाही तर म्हातारपणी होणारा आजार हिला शाळेतच गाठेल. औषध काही दिलं नाही. रोज घाम येईपर्यंत खेळू द्या म्हणाल्या, पाकिटातलं आणि गोडधोड कमी करा, आणि पोरीला एकटीला पथ्य लावून तिचं मन मोडू नका, साऱ्या घराचं ताट बदला. मग त्यांनी विचारलं, हिला एवढं गोड मिळतं तरी कुठून? माझ्या तोंडून निघून गेलं, "मंदिरातून."

बोलले आणि मलाच कसंतरी झालं. पण ते खरं होतं. आपल्या मुर्री वस्तीतल्या मारुतीला पूर्वी फुटाणे आणि खोबऱ्याचा तुकडा असायचा. भजनी मंडळ तुमच्या हातात आलं तसा शिरा आला, मग बुंदी आली. पुढं कुणीतरी नातवाचा वाढदिवस मंदिरात केला, सभामंडपात केक कापला आणि पोरांना चिप्सची पाकिटं वाटली. झालं, मग चढाओढच लागली. एका शनिवारी केक, एका शनिवारी थंड्याच्या बाटल्या, आणि बुंदी वेगळी. पोरं पायऱ्यांवर मोबाईल घेऊन बसायची, आरतीला उठायची आणि रांगेत लागायची. शेजारचं पटांगण समितीवाल्यांच्या गाड्यांनी भरलेलं, धावायला जागा नव्हती. मी वस्तीतल्या पोरांचे शाळेचे कपडे शिवते. एकट्या रेवतीचंच माप वाढत नव्हतं.

घरी येऊन मी तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही तांदूळ निवडत होता. मान वर न करता म्हणालात की डॉक्टरांना काय कळतं, खात्यापित्या घरची पोरगी आहे. आणि माझ्यासमोर डब्यातून लाडू काढून तिच्या हातात दिलात. "खाय माझ्या लाडू."

त्या नावाचंही आज बोलून घेते. ती रांगत होती तेव्हापासून तुम्ही तिला लाडू म्हणायचात. लाडानं म्हणत होता, ते मला कळत होतं. पण तुम्ही ते मंदिरात, मोठ्यानं, साऱ्या पोरांसमोर म्हणायचात, आणि पोरांना ते सापडलं. शाळेत लाडू, रस्त्यानं लाडू, सायकलवरून जाणारी पोरं ओरडणार लाडू. रेवतीनं दुकानात जाणं सोडलं, मग खेळायला जाणं सोडलं. मी तुम्हाला हात जोडून म्हटलं की बाई, तेवढं नाव सोडा. तुम्ही म्हणालात की मी दिलेलं नाव आहे, पोट्टे चिडवतात तर पोट्ट्यांना बोल. एखाद्या माणसाच्या मायेनंसुद्धा पोरीला घराबाहेर पडणं नकोसं होतं, हे तुमच्या डोक्यात कधी शिरलंच नाही.

मग मी मंडळापुढे बोलले. भजन संपल्यावर उभी राहिले. म्हटलं, शनिवारी सगळी पोरं इथे येतात, अशी जागा वस्तीत दुसरी नाही. शाळा सुटली की कोणी कुणाचं ऐकत नाही, पण देवळात ऐकतात. आरतीआधी त्यांना पटांगणात खेळू द्यावं आणि परसादाला फळं, भिजवलेले हरभरे, काकडी, असं काही ठेवावं. वाढदिवस करायचा तर केळी वाटावीत. एवढंच. मी देवाविरुद्ध बोलले नव्हते. मीसुद्धा शनिवार करते.

तुम्ही टाळ खाली ठेवले आणि म्हणालात, "घरची एक पोरगी सांभाळता येत नाही अन् देवाले पथ्य लावून राहिली."

सुमनताई, ढोलकीवाल्या, त्यांनी तेवढी नजर खाली घातली. बाकीच्या परातीतली बुंदी वाटायला उठल्या.

घरी आल्यावर आपलं जे भांडण झालं तसं आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. तुमच्या दिरांनी दुकानातून लवकर येऊन दार लावून घेतलं, रस्त्यावर ऐकू जाईल म्हणून. मी म्हटलं, तुम्ही माझ्या पोरीला आजारी करून राहिल्या. तेव्हा तुम्ही एकदम आवाज खाली आणलात. देवरीकडच्या तुमच्या माहेरच्या गावाचं बोललात, जंगलाच्या कडेला होतं ते. पावसाळ्यात घरात पेज असायची, कधी तीही नसायची, मोहाची फुलं उकडून खायचात. तुमच्या पाठचा भाऊ तुमच्या मांडीवर गेला, त्याच्या हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. "तू उपाशी पोट्टं पाह्यलं नाही," तुम्ही म्हणालात, "म्हनून भरल्या अंगाले नाव ठेवतेस."

त्यावर आज बोलते. तुमच्या भावाचं ऐकून मला वाईट वाटलं होतं. पण त्याची भूक तुम्ही माझ्या पोरीला का भरवत होता? त्याला एक घास मिळाला नाही, म्हणून हिला दहा? तो परत येणार होता का त्यानं? तुमचं दुःख खरं होतं आणि तुमचं वागणं चूक होतं. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, एवढं कळायला तुम्ही काही अडाणी नव्हता.

त्यानंतर आपण बोलणं सोडलं. दोन चुली तर आधीच होत्या, आता मधल्या दाराला पडदा आला. काही सांगायचं तर तुम्ही रेवतीला सांगायच्या, 'तुझ्या आईले म्हण.' आणि निरोपासोबत तिच्या हातात लाडू. पोरगी बिचारी दारात उभी राहून तो लाडू खायची, कारण इकडे आणला तर मी बोलणार आणि तिकडे ठेवला तर तुम्ही रुसणार.

मग हनुमान जयंती आली. पोरांचं लेझीम बसवलं होतं. रेवती जायला तयार नव्हती, पण लेझीम तिला मनापासून आवडायचं, घरी आरशासमोर करायची. मोठ्या मुश्किलीनं गेली. तालीम झाली आणि गोंदियाहून भाड्याचे कपडे आले, ते तिच्या अंगात शिरेनात. मी म्हटलं, मी शिवून देते, कापड तेवढं दाखवा. अध्यक्ष म्हणाले, सगळे एकसारखे दिसायला पाहिजेत, फोटो निघणार आहेत, हिला आरतीचं ताट धरू द्या, तेही पुण्याचंच काम आहे. रेवती ताट घेऊन उभी राहिली. मिरवणूक निघाली तेव्हा पुढच्या ओळीतला एक मुलगा मागे वळून म्हणाला, लाडू, ताटातले पेढे खाऊ नको हं. पोरं हसली, दोन मोठी माणसंही हसली. रेवतीनं ताट खाली ठेवलं आणि ती चालत घरी गेली. पळाली नाही, रडली नाही.

तुम्ही तिथेच होता बाई, पालखीच्या शेजारी. मी तुमच्याकडे पाहिलं. तुमच्या चेहऱ्यावरचं मला काही वाचता आलं नाही. तुम्ही टाळ वाजवत पुढे गेलात. तेव्हा मला तुमचा जितका राग आला तितका त्या मुलाचाही आला नाही.

पुढचा शनिवार. मी जाणार नव्हते, पण सुमनताई बोलवायला आल्या आणि रेवतीचा हात धरून घेऊन गेल्या, म्हणून मीही गेले. तुम्ही देवासमोर उभं राहून साऱ्यांना सांगितलंत की तुमच्या स्वप्नात मारुती आला होता. तो म्हणाला, माझ्या अंगणात गाड्या कायले? मले पोट्टे धावताना पाह्याचे आहेत. जो घाम गाळून येईल त्यालेच परसाद, अन् परसाद असा पाहिजे की त्यानं अंगात बळ यावं. हात जोडून, डोळे मिटून सांगितलंत. अध्यक्षांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. ते काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "भाऊ, पहिले तुमची गाडी काढा."

त्यांनी काढली. मागोमाग साऱ्यांनी काढल्या. पोरांनी लंगडी खेळली, खो-खो खेळली. रेवती आधी भिंतीला टेकून उभी होती, मग तुम्ही तिला लेझीम शिकवायला लावलंत लहान पोरींना. तुम्ही तिला हाक मारलीत ती 'रेवती' अशी. परसादाला आधी भिजवलेले हरभरे आणि काकडी होती, पुढं थंडीत तलावावरून ताजे आणलेले शिंगाडे उकडून, आणि मीठ लावून पेरूच्या फोडी. दुसऱ्याच आठवड्यात एका व्यापाऱ्यानं मुलाच्या वाढदिवसाची थंड्याची खोकी पाठवली, ती तुम्ही फाटकातूनच परत केलीत. म्हणालात की मारुतीला चालत नाही. तो माणूस खोकी घेऊन गेला आणि संध्याकाळी केळ्यांचे घड घेऊन आला, वर तुमच्या पाया पडला.

मी हे सगळं पाहत होते आणि माझ्या अंगाची आग होत होती. मी तेच सांगितलं होतं. अगदी तेच, हरभऱ्यापासून पटांगणापर्यंत. डॉक्टरीणबाईंचं सांगितलं, हात जोडून सांगितलं, तर मी देवाला पथ्य लावणारी. तुम्ही एक स्वप्न सांगितलंत आणि सारी वस्ती हलली. ज्या आया शाळेतून आलेली सूचना वाचत नाहीत, त्या तुमच्या सांगण्यावरून घरी चिप्स आणणं बंद करून राहिल्या. एका बाईनं मला येऊन सांगितलं, बाईंना बघा देव दिसतो, तुम्ही त्यांच्याशी भांडता.

एका दुपारी मी पडदा बाजूला करून तुमच्याकडे आले आणि सरळ विचारलं, स्वप्न खरंच पडलं होतं का? तुम्ही हरभरे भिजत घालत होता. म्हणालात, "तुले काय करायचं? पोट्टे धावून राहिले ना?" मी म्हटलं, हे मी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, पाण्याचा हंडा आण तिकडून. मी आणला. आणि तुमच्यासोबत हरभरे निवडायला बसले, ते तुम्ही जाईपर्यंत दर शुक्रवारी बसत राहिले. बोलणं सुरू झालं ते असं. तुम्ही त्याला माफी म्हणत असाल तर मी म्हणत नाही.

मंदिरात तुमचा मारुती कडक होता, घरात तुम्ही नव्हता. रेवतीच्या हातात अधूनमधून लाडू जातच होता, फक्त आता अर्धा. आणि उरलेला अर्धा तुम्ही खात होता, स्वतःला साखर आहे हे साऱ्या घरापासून लपवून. पायाची जखम भरत नव्हती तेव्हा कळलं. त्याचा राग तर माझ्या जिवात अजून तसाच आहे. माझ्या पोरीची मान तुम्हाला साऱ्या गावासमोर दिसली, स्वतःचा पाय मात्र लुगड्याखाली झाकून ठेवलात. दवाखान्यात मी डबा घेऊन यायची, तर तुम्ही सिस्टरला सांगायच्या, ही माझी जाऊ, हिच्या हातचं अळणी असते. आणि सगळा डबा संपवायच्या. शेवटच्या दिवशी शुद्धीत होता तेव्हा मला वाटलं आता तरी काही म्हणाल. तुम्ही विचारलंत, शनिवारचे शिंगाडे आले का. मी हो म्हटलं. तुम्ही तोंड फिरवून झोपलात.

रेवतीचं सांगते, कारण तुम्हाला तेवढंच ऐकायचं असेल. ती काही बारीक झालेली नाही. तिला व्हायचीही घाई नाही. पण जिना चढताना आता धाप लागत नाही, मानेवरचा पट्टा फिका पडला आहे, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की रक्त पहिल्यापेक्षा चांगलं आहे, असंच चालू ठेवा. लेझीमचा गट तीच चालवते. तुम्ही गेलात त्या दिवशी ती तुमच्या खोलीत जाऊन झोपली, मी काही बोलले नाही.

आता गेल्या शनिवारचं. तेरवीनंतरचा पहिला. भजन झाल्यावर अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले की बाईंच्या स्मरणार्थ आता दर शनिवारी पोरांना बुंदी आणि थंडा वाटायचा, खर्च समितीचा, बाईंना गोडाची फार आवड होती. दोन-चार माना हलल्या. मी पाहिलं, तुमचा मारुती तुमच्यासोबतच निघून चालला होता.

मला सोपं होतं. मीही म्हणू शकले असते की बाई माझ्या स्वप्नात आल्या. तोंडावर आलंही होतं. पण मला तुमच्यासारखं डोळे मिटून बोलता येत नाही. मी उभी राहिले आणि म्हटलं, बाईंना कोणतंही स्वप्न पडलं नव्हतं. खेळाचं आणि परसादाचं मी सांगत होते, पहिल्यापासून, तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे. देवानं सांगितलं तरच करायचं असेल तर तसं सांगा. पण माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा पोरांना ते वाटू नका.

मला वाटलं आता मला बाहेर काढतात. गेलेल्या बाईला खोटं पाडलं, तेही देवळात.

सुमनताईंनी ढोलकी मांडीवरून खाली ठेवली. "आमाले माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कसं काय? त्या म्हणाल्या, "स्वप्नाच्या शनिवारीच सांगितलं होतं बाईनं. तू पोरीले घेऊन घरी गेलीस, मग आमाले बसवून म्हनाल्या, धाकटी बरोबर बोलून राहिली होती, मीच आयकलं नाही. पन तिच्या तोंडावर कोनी म्हनू नका. डोक्यावर बसंल."

मी विचारलं, मग स्वप्न कशाला?

"ते अध्यक्षासाठी होतं," त्या म्हणाल्या. "नाहीतर यानं गाडी काढली असती का?"

बाया पदरात तोंड घालून हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. अध्यक्षांनी घसा साफ केला, बुंदीचं पुन्हा काढलं नाही. शिंगाड्यांचं पातेलं सुमनताईंनी माझ्या पुढ्यात आणून ठेवलं. मी वाटायला बसले. एका पोराच्या ओंजळीत दोनदा पडलं.

म्हणजे साऱ्या मंडळाला सांगितलंत. ढोलकीवालीला सांगितलंत, जिला माझं नावही नीट घेता येत नाही तिला सांगितलंत. एका भिंतीपलीकडे मी होते, शुक्रवारी तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून हरभरे निवडत होते, दवाखान्यात तुमचे केस विंचरत होते. मला सांगितलं नाहीत. मानेचं विसरेन कदाचित, त्या नावाचंही विसरेन, पण हे नाही. बसले असते डोक्यावर, बाई. नक्कीच बसले असते. तरी तुम्ही म्हणायला पाहिजे होतं.